पाठच्या भावंडाचं दुःख

ग्वाल्हेरमधल्या आमच्या भागाचं नावच लष्कर. १८१० मध्ये दौलतराव शिंद्यांची छावणी इथे स्थिरावली, तंबूंच्या जागी वाडे उभे राहिले. अशा गावाला सैनिकाचा मृत्यू नवा नाही. पण त्यानंतर घरातल्या धाकट्यांचं काय होतं, याची नोंद फारशी कुणी ठेवलेली नाही.

या गावाच्या इतिहासात असा धाकटा आहेच. जयाप्पा शिंदे १७५५ मध्ये नागोरला मारले गेले, दत्ताजी १० जानेवारी १७६० रोजी बुराडी घाटावर, तुकोजी १७६१ मध्ये पानिपतावर. जयाप्पांचा कोवळ्या वयाचा मुलगा जनकोजीही त्याच संहारात गेला. त्या भावांतले धाकटे महादजी वाचले ते पाय कायमचा अधू होऊन. दत्ताजींचं ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ सगळ्यांना पाठ असतं. मी मात्र महादजींपाशी थांबतो. त्यांना रणातून बाहेर काढलं राणेखान नावाच्या भिस्त्याने, म्हणजे पाणी वाहणाऱ्याने. महादजींनी त्याला भाई मानलं, सरदार केलं. इतिहासात तो ‘राणेखान भाई’ म्हणूनच राहिला. इतके भाऊ गमावल्यावर तो शब्द ओठांवर आणताना त्यांना काय वाटलं असेल!

पुढच्या काळात बातमी तारेने येऊ लागली. १९६२, १९६५, १९७१ च्या युद्धांत बहुतेकांवर अंत्यसंस्कार आघाडीजवळच झाले. १९९९ च्या कारगिल युद्धात ५२७ जवान गेले आणि तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या गावोगावी पोचल्या. मूल नसलेल्या जवानाच्या चितेला अग्नी द्यायला अनेकदा धाकटा भाऊच पुढे होतो. तिथेच कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणतं, ‘आता आईबाबांना तूच सांभाळायचं.’ त्याने रडायचं कधी, हे कुणी सांगत नाही.

वीरमाता, वीरपिता, वीरपत्नी हे शब्द आपल्याकडे आहेत, भावंडासाठी नाही. सरकारी कागदात भाऊ ठळक दिसतो तो दीर म्हणून. १९७२ च्या पत्रानुसार शौर्यपदकाचा भत्ता पुनर्विवाहानंतर बंद होई, मृत पतीच्या भावाशी लग्न केलं तरच चालू राही. ही अट नोव्हेंबर २०१७ मध्ये रद्द झाली. तोवर एका विधवेच्या हक्काचं ओझं त्या मुलाच्याही डोक्यावर होतं, हे मला फार अन्यायाचं वाटतं.

ज्या दुःखाला समाज जागाच देत नाही, त्याची मांडणी केनेथ डोका या अमेरिकी अभ्यासकाने १९८९ मध्ये केली. आपल्या रीतीत एक जागा आहे: भाऊ नसलेली बहीण भाऊबीजेला चंद्राला ओवाळते. पण भाऊ होता आणि आता नाही, तिने त्या संध्याकाळी गच्चीवर एकटीने जायचं का?

वायुसेनेच्या गरुड दलाचे अशोकचक्रविजेते ज्योती प्रकाश निराला २०१७ मध्ये काश्मीरमध्ये हुतात्मा झाले. २०१९ मध्ये बिहारमधल्या त्यांच्या गावी बहिणीचं लग्न होतं. त्यांचे सोबती लग्नाला आले आणि वधूच्या पावलांखाली त्यांनी आपले तळहात अंथरले.