एचआयव्हीबाधितांमधील मणक्याच्या क्षयरोगाची शस्त्रक्रिया

क्षयाचे जंतू रक्तावाटे मणक्यात पोचतात आणि बहुधा गादीलगतचे हाड पोखरतात. तिथे पू साठतो, मणका खचतो, पाठीत कुबड येते. पू किंवा हाडाचा तुकडा मज्जारज्जूवर दाबला की पाय लुळे पडतात. पर्सिव्हल पॉट या इंग्रज शल्यविशारदाने १७७९ मध्ये याचे वर्णन केले म्हणून ‘पॉटचा आजार’ हेही नाव आहे. रुग्णाला एचआयव्ही असला तरी ऑपरेशनचे निकष तेच राहतात. बदलते ती तयारी, वेळ आणि गोळ्यांची जुळवणी. केवळ एचआयव्ही आहे म्हणून ऑपरेशन नाकारायला वैद्यकीय आधार नाही, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने तसा भेदभाव बेकायदा आहे.

विदर्भातल्या खेड्यांत निदानच उशिरा होते. कापूस वेचणी, सोयाबीन सोंगणी यांत कंबर धरतेच, त्यामुळे पाठदुखी गोळीवर काढली जाते. रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, उतरणारे वजन, संध्याकाळची कणकण आणि चालताना अडखळणारे पाय दिसले की थांबू नये. साधा एक्स-रे फसवतो: हाडाचा बराच भाग झिजल्यावरच त्यात बदल दिसतो आणि एचआयव्हीत अनेकदा पू जास्त, हाडाची झीज कमी असे चित्र असते. म्हणून एमआरआय, तोही शक्यतो पूर्ण पाठीचा. दूरच्या दुसऱ्या मणक्यातही आजार सापडतो. त्यासाठी नागपूर, वर्ध्याजवळचे सेवाग्राम, सावंगी किंवा जिल्ह्याचे वैद्यकीय महाविद्यालय गाठावे लागते. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, मेळघाट या भागांतल्या रुग्णाची सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या होण्याचा आनुवंशिक आजार) तपासणी आधी करावी. सिकलसेलमध्येही मणका दुखतो, साल्मोनेला या जंतूचा हाडात संसर्ग होतो, आणि भुलेखाली ऑक्सिजन किंवा अंगाचे तापमान घसरले तर तो रुग्ण धोक्यात येतो.

नमुन्याच्या बाबतीत एक चूक वारंवार होते. सुईने काढलेला पू किंवा हाडाचा तुकडा सगळाच फॉर्मेलिनमध्ये टाकला जातो, मग कल्चर (जंतू वाढवून पाहण्याची तपासणी) होत नाही आणि रिफाम्पिसिन या क्षयाच्या मुख्य औषधाला जंतू दाद देतात का हे कळत नाही. एक भाग सलाइनमध्ये सीबीनॅट (क्षयजंतूची जनुकीय तपासणी) आणि कल्चरसाठी, दुसरा फॉर्मेलिनमध्ये, असे दोन डबे हवेत. सीबीनॅट निगेटिव्ह आले म्हणून क्षय नाही असे ठरत नाही. मणक्याच्या नमुन्यात जंतू कमी असतात.

बहुतेक रुग्ण गोळ्यांनीच बरे होतात. वाराणसीचे अस्थिशल्यविशारद तुली यांनी १९७५ मध्ये मांडलेला ‘मध्यममार्ग’ हाच: औषधे सर्वांना, चाकू गरजेपुरता. गरज म्हणजे पायांची ताकद झपाट्याने जाणे, लघवी-संडासवरचा ताबा सुटणे, तीन-चार आठवडे औषधे घेऊनही सुधारणा नसणे, मणका डळमळीत होणे, कुबड वाढणे, किंवा निदानाबद्दल शंका. लघवी अडलेल्या रुग्णाला ‘आधी सीडी४ (प्रतिकारशक्तीच्या पेशी) वाढू दे’ म्हणून थांबवणे घातक. दाब राहिला तर मज्जारज्जूचे गेलेले काम परत येईलच असे नाही. घाई नसेल तेव्हा मात्र हिमोग्लोबिन, अल्ब्युमिन, क्रिएटिनिन सुधारून घ्यावे. कुपोषित रुग्णाची जखम उसवते, आणि टेनोफोव्हिर या एचआयव्हीच्या औषधामुळे मूत्रपिंडाला त्रास व हाडाची घनता कमी होऊ शकते. ठिसूळ हाडात स्क्रूची पकड ढिली पडते.

पाठीच्या भागातल्या ऑपरेशनसाठी आज बहुधा मागूनच शिरतात. रुग्णाला पालथे झोपवताना छाती व ओटीपोटीखाली उशा देऊन पोट मोकळे ठेवतात, नाहीतर शिरांतला दाब वाढून रक्तस्राव होतो. बाधित मणक्याच्या वर आणि खाली साधारण दोन-दोन मणक्यांत स्क्रू व टायटॅनियमच्या सळ्या बसवतात, मग बाजूने शिरून पू आणि मेलेले हाड काढतात. पोकळी मोठी असेल तर बरगडीचे हाड किंवा आधाराचा छोटा पिंजरा (केज) बसवतात. आधाराशिवाय नुसती मागची कमान कापणे ही जुनी घोडचूक: पुढचा मणका आधीच खचलेला असतो, मागचाही आधार गेला की कुबड वाढते. क्षयाचा जंतू धातूवर स्टॅफिलोकॉकस या पू करणाऱ्या जंतूसारखा थर सहसा धरत नाही, म्हणून संसर्गातही स्क्रू घालता येतात. कंबरेच्या मणक्यांपासून मांडीच्या हाडापर्यंत जाणाऱ्या सोआस स्नायूतल्या गळवासाठी सोनोग्राफीखाली नळी घालणे बहुधा पुरते. ऑपरेशनात सुई टोचलीच तर कर्मचाऱ्याने शक्यतो दोन तासांत, फार तर ७२ तासांत एचआयव्ही रोखणारे औषध सुरू करून २८ दिवस घ्यावे.

क्षयाच्या गोळ्या आधी, एआरटी (एचआयव्हीची औषधे) साधारण दोन ते आठ आठवड्यांत. क्षयाचा मेंदूज्वर असेल तर एआरटी आणखी जपून. एआरटी सुरू झाल्यावर काही आठवड्यांत गळू अचानक वाढू शकते. ते गोळ्यांचे अपयशच असेल असे नाही. जागी झालेली प्रतिकारशक्तीच तिथे सूज आणते. पण औषधांना दाद न देणारा (प्रतिरोधी) क्षय नाही याची खात्री केल्याशिवाय स्टेरॉइड देऊ नये.

ऑपरेशननंतर पलंगावर दर दोन तासांनी अंग सरळ ठेवून कूस बदलावी. पाठीचा पट्टा साधारण तीन महिने. मणक्यासाठी उपचार किमान बारा महिने चालतात, गरजेप्रमाणे वाढतात. सुरुवातीच्या टप्प्यात ३५ ते ४९ किलोच्या रुग्णाला क्षयाच्या चार औषधांच्या एकत्रित गोळ्या रोज तीन, ५० ते ६४ किलोला चार. रिफाम्पिसिन हे एआरटीतले डोल्युटेग्रेव्हिर शरीरातून लवकर काढून टाकते, म्हणून ५० मिलिग्रॅमची दुसरी गोळी बारा तासांनी जोडतात. ती रिफाम्पिसिन संपल्यावरही दोन आठवडे चालू ठेवायची.