ओट्यामागच्या निळ्या-पांढऱ्या टाइल्स, आणि मागाहून लागणाऱ्या ‘त्यातल्याच पाच’

‘मागच्या महिन्यात तुमच्याकडून निळ्या-पांढऱ्या नेल्या होत्या ना, त्यातल्याच पाच द्या. मेस्त्री खोळंबलाय.’ हा फोन आमच्या दुकानात सारखा येतो. पाच टाइल्स देणं अवघड नाही. ‘त्यातल्याच’ देणं अवघड आहे, आणि बहुतेक वेळा ते जमतच नाही. त्यावरून वाद होतात, मेस्त्रीचा खाडा होतो, म्हणून हे पत्रक छापलं आहे. बिलासोबत मिळालं तर उशीर झाला असं समजा; माप घेण्याआधी वाचलंत तर उपयोग आहे.

टाइल्सच्या खोक्याच्या बाजूला डिझाइनचं नाव आणि साइज असते, आणि त्याच्याजवळच शेड नंबर किंवा बॅच नंबर छापलेला असतो. नाव सगळे वाचतात, नंबर कोणी वाचत नाही. डिझाइन तेच, साइज तीच, पण नंबर वेगळा असेल तर रंगात फरक पडतो. एका खोक्यातला पांढरा दुधासारखा, दुसऱ्यातला जरा सायीकडे झुकलेला. भट्टीत हजार अंशांच्या वर ग्लेझ, म्हणजे टाइलवरचा काचेसारखा थर, भाजताना थोडं इकडेतिकडे होतंच. एकाच तव्यावरच्या दोन भाकऱ्या तरी कुठे सारख्या भाजतात? आपल्याकडे येणाऱ्या बहुतेक टाइल्स गुजरातमधल्या मोरबीच्या. कारखाना एक डिझाइन काही दिवस चालवतो, मग यंत्रावर दुसरं चढतं. तेच डिझाइन पुन्हा चालतं तेव्हा शेड नवी असते. आमच्यासारखं छोटं दुकान त्यातली मोजकी खोकी उतरवतं. ती संपली की ती शेड आमच्यापुरती संपली.

मार्बलच्या छापाची टाइल असेल तर हा फरक त्या रेघांत दडून जातो. निळ्या-पांढऱ्यात दडत नाही. त्यातही ओट्यामागची भिंत डोळ्यांपासून दोन-अडीच फुटांवर, वर ट्यूबलाइट. सिंकमागच्या पाच टाइल्स वेगळ्या असतील तर भांडी घासताना रोज त्याच दिसणार.

आता माप. ‘आठ फुटी ओटा, वर दोन फूट, म्हणजे सोळा फूट द्या’ असं सांगणारेच जास्त. सिंकच्या बाजूची दोन फुटी भिंत हमखास विसरतात. ती धरली की झाले 20 चौरस फूट. 4 इंची टाइल चौरस फुटाला 9 लागतात, म्हणजे 180. पण स्विचबोर्ड, नळाचे पॉइंट, खिडकीची चौकट, वरच्या कपाटाची कड, प्रत्येक ठिकाणी टाइल कापावी लागते आणि उरलेला तुकडा दुसरीकडे क्वचितच बसतो. जांभ्याच्या जुन्या घरात तर भिंत ओळंब्यात नसते. गिलाव्यात कितीही सावरलं तरी कोपऱ्यात पाचर निघते आणि त्या उभ्या ओळीतली एकेक टाइल वेगळ्या मापाने कापावी लागते. मोठ्या हॉलला 10 टक्के जादा पुरतात. लहान स्वयंपाकघरात अख्खी टाइल कमी आणि कापलेली जास्त, म्हणून आम्ही 15 टक्के सांगतो. 180 ला 27 जादा. शिवाय सात-आठ टाइल्स कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवा. पुढेमागे पाइप गळला आणि प्लंबरने भिंत फोडली की त्या कामी येतील.

‘दुकानदार खपवतोय’ असं काहींना वाटतं, तोंडावर बोलूनही दाखवतात. तर सांगतो: न फोडलेलं खोकं बिलासह पंधरा दिवसांत आणलंत तर आम्ही परत घेतो. सुट्या टाइल्स आणि फोडलेली खोकी घेत नाही, कारण ज्या अडचणीत तुम्ही असता त्याच अडचणीत आम्ही येतो. सुट्या बारा टाइल्स कुठल्या शेडला जोडून विकणार?

12 बाय 18 ची मोठी टाइल घेणार असाल तर ती आडवी लावायला सांगा. दोन फूट उंचीत 12 इंचाचे दोन थर बसतात, पट्टी कापावी लागत नाही. उभी लावली तर 18 वर 6 इंचाची पट्टी येते, टाइल्स वाया जातात आणि दिसतंही ओढूनताणून बसवल्यासारखं.

डिझाइनबद्दल. पणजीला जाऊन आलेले बरेच जण इन्स्टिट्यूट मेनेझेस ब्रागांझामधल्या निळ्या-पांढऱ्या भिंतीचा फोटो दाखवतात आणि ‘असं हवं’ म्हणतात. ती पोर्तुगीज पद्धतीची हाताने रंगवलेली आझुलेजू. हातकामात प्रत्येक टाइल थोडी वेगळी असते आणि तो फरक सगळ्या भिंतीभर पसरलेला असल्याने शोभून दिसतो. तशी हवी असेल तर नगावर मागवून देतो. मात्र रंग भट्टीत भाजलेला आहे ना, ते विचारून घ्या. भेटवस्तूंच्या दुकानातल्या काही टाइल्सवर नुसता रंग आणि वर वॉर्निश असतं. घासणी फिरली की फुलं सिंकमध्ये. जयपूरची ब्लू पॉटरी सुरेख, पण ती मातीऐवजी मुख्यतः क्वार्ट्झच्या भुकटीची आणि कमी आचेवर भाजलेली. बाजूच्या भिंतीवर लावा, गॅसमागे नको.

सहा बाय आठच्या खोलीत सगळी भिंत नक्षीची केली तर वर काळा ग्रॅनाइट, डबे, मिक्सर, ताटाळं यांच्या गर्दीत नक्षी हरवते. आमचं मत विचाराल तर साधी पांढरी ग्लॉसी आणि गॅसमागे तीन फूट नक्षी, एवढं पुरे. कपबशी-किटलीची हायलाइटर, म्हणजे साध्या टाइल्सच्या मधेमधे लावायची चित्राची टाइल, आम्ही विकतो, खपतेही भरपूर, पण स्वतःच्या घरी लावणार नाही. उठावाची टाइलही गॅसमागे नको. फोडणीचं तेल खाचांत बसतं आणि मग टूथब्रश घेऊन बसावं लागतं. नमुन्याच्या दोन टाइल्स डिपॉझिटवर घरी न्या आणि रात्रीही बघा. पिवळ्या दिव्याखाली पांढरी मळकट दिसते आणि निळी काळपटते.

ग्राउटचा, म्हणजे टाइल्समधल्या फटी भरायच्या मसाल्याचा, विषय टाइल ठरल्यावर निघतो, खरं तर आधी निघायला हवा. पांढरं सिमेंट किंवा पांढरं ग्राउट हळद पितं. मग बाथरूमचं ॲसिड लावतात, त्याने डाग जातो आणि ग्राउटही खाल्लं जातं. फिकं राखाडी घ्या, किंवा गॅस आणि सिंकमागे तरी इपॉक्सी, म्हणजे सहसा डाग न धरणारं रेझिनचं ग्राउट. महाग आहे, पण 20 फुटांना लागतं किती? ते आधी लावलेला मेस्त्री मात्र हवा. टाइलवर आलेला थर सुकायच्या आत पुसला नाही तर नंतर खरवडत बसावं लागतं.

लावण्याआधी सगळ्या खोक्यांवरचा शेड नंबर एकच आहे ना बघा, तीन-चार खोकी एकदम फोडून टाइल्स मिसळायला सांगा आणि एक-दोन ओळी जमिनीवर मांडून उजेडात पाहा. काही खटकलं तर तेव्हाच फोन करा, अशा वेळी खोकी फोडलेली असली तरी आम्ही बदलून देऊ. भिंतीला चिकटलेल्या टाइलची शेडबद्दलची तक्रार आम्ही घेत नाही. हे कडक वाटतं, पण निघालेली टाइल ना तुमच्या कामाची ना आमच्या.

मुंबईला असाल तर यायची गरज नाही. ओट्यामागच्या भिंतीचा समोरून फोटो, त्यावर हाताने लिहिलेली मापं, स्विचबोर्ड आणि खिडकीसकट, आणि ट्रॉल्यांचा रंग व्हॉट्सॲपवर पाठवा. टाइल्स आम्ही मोजून देतो, त्याचे पैसे नाहीत. गणपतीआधी काम उरकायचं असेल तर आषाढातच माप पाठवा. श्रावणात टाइल्स मिळतील, मेस्त्री मिळणार नाही.