महायुद्धात कॉफी संपली नव्हती, बोटी कमी पडल्या होत्या

फिरत असलेला दावा असा: दुसऱ्या महायुद्धात जगात कॉफीच उरली नाही, म्हणून अमेरिकेत ती रेशनवर आली.

रेशन खरंच होतं. २९ नोव्हेंबर १९४२ पासून पंधरा वर्षांवरील माणसाला पाच आठवड्यांना एक पौंड, म्हणजे दिवसाला जेमतेम १३ ग्रॅम. एक कप, फार तर सव्वा. त्यामुळे गैरसमज होणं साहजिक आहे.

पण दोन वर्षं मागे जा. युरोपची बाजारपेठ युद्धामुळे बंद पडली, माल तुंबला, भाव कोसळले. म्हणून २८ नोव्हेंबर १९४० रोजी अमेरिका आणि लॅटिन अमेरिकेतले १४ उत्पादक देश यांनी कोटा-करार केला. अमेरिकेत वर्षाला साठ किलोची १५९ लाख पोती यायची. त्यात ब्राझील ९३ लाख, कोलंबिया ३१.५ लाख, कराराबाहेरच्या देशांना मिळून फक्त ३.५५ लाख. हा कोटा आयातीवरची कमाल मर्यादा होता. टंचाई असती तर आयातीला वेसण कशाला घातली असती? ब्राझील तर १९३१ ते १९४४ दरम्यान जादा कॉफी जाळत होता, सुमारे ७.८ कोटी पोती!

अडचण वाहतुकीची होती. जहाजं लष्कराकडे वळवलेली, उरलेल्यांवर जर्मन पाणबुड्यांचा डोळा.

पडताळायचं तर कराराच्या पहिल्याच कलमातले कोटे बघा, मग तारखा जुळवा. जुलै १९४३ मध्ये रेशन उठलं, तेव्हा युद्ध चालूच होतं. कॉफीचं नवं झाड फळायला तीन-चार वर्षं घेतं. आठ महिन्यांत सुधारली ती जहाजांची स्थिती.