शेल्फ पिनची भोकं आणि ३२ मिमीची ओळ: दिसायला एक, मोजायला वेगळी

कपाटाच्या साईडला आतून पुढे-मागे ५ मिमीच्या भोकांच्या उभ्या रांगा दिसल्या की त्यांना सरसकट ‘शेल्फची भोकं’ म्हटलं जातं. पण या रांगा दोन प्रकारच्या असतात. एक फक्त फळीच्या पिनांसाठी. दुसरी ३२ मिमी सिस्टीमची. तिच्यात पिना तर बसतातच, शिवाय बिजागरीची प्लेट आणि ड्रॉवरचं चॅनेलही बसतं. बरमा दोन्हीकडे ५ मिमीचाच. फरक आहे तो कुठली चूक चालते आणि कुठली चालत नाही, यात. पिनांच्या रांगेत फळीखालची चारही भोकं एका पातळीत आली की काम झालं. वरच्या-खालच्या भोकांतलं अंतर थोडं कमी-जास्त असलं तरी फळीला काही फरक पडत नाही. सिस्टीमच्या रांगेत मात्र ते अंतरच जपायचं असतं.

गोंधळ बहुतेक वेळा सुताच्या (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) हिशेबातून सुरू होतो. सव्वा इंच, म्हणजे १० सूत, म्हणजे ३१.७५ मिमी. ‘३२ म्हणजे सव्वा इंचच की’ असं धरून इंची पट्टीने खुणा केल्या जातात. दोन भोकांपुरतं पाव मिलिमीटर कुणाला जाणवत नाही, पण विसाव्या अंतरापर्यंत ते साठून ५ मिमी होतं. फळीच्या पिनांसाठी यात काहीही बिघडत नाही. चारही रांगा सव्वा इंचानेच पाडल्या असतील तर फळी अगदी पातळीत बसेल. पण त्याच रांगेत वरची बिजागरी बसवायला गेलं तर दारात बसणारा बिजागरीचा गोल कप आणि साईडवरची तिची प्लेट ५ मिमीने चुकतात. प्लेटच्या स्क्रूने दार वर-खाली साधारण दोनेक मिमीच सरकतं. उरलेली चूक कुठेच जिरत नाही.

३२ हा आकडा युरोपातल्या कारखान्यांतून आला. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे एका रांगेत अनेक बरमे असलेली यंत्रं वापरात आली आणि बरम्यांना फिरवणाऱ्या गिअरांमुळे दोन बरम्यांमधलं अंतर ३२ मिमी ठरलं. बाकीची मापं त्याभोवती रचली गेली: पुढच्या कडेपासून ३७ मिमीवर पहिली रांग, मागची रांग तिच्यापासून ३२ च्या पटीत, भोकाची खोली साधारण १३ मिमी. या ५ मिमीच्या भोकात ६.३ मिमीचा जाड आट्यांचा युरो स्क्रू थेट पिळला जातो.

हे ३७ मिमी तयार कडेपासूनचे आहेत. एज बँड, म्हणजे कडेवर चिकटवायची पट्टी, नंतर लावणार असाल तर त्याची जाडी आधीच वजा करावी लागते: ०.८ मिमीची पट्टी असेल तर उघड्या कडेपासून ३६.२, आणि २ मिमीची असेल तर ३५. दार साईडच्या आत बसणारं असेल तर दाराची जाडी मिळवायची. १८ मिमी प्लायला दोन्ही बाजूंनी १ मिमी सनमायका असेल तर ३७ अधिक २०, म्हणजे ५७. पिनांच्या रांगेला यातलं काहीच लागत नाही. ती कडेपासून ४५ वर असो की ६० वर, फळीला सारखंच. फक्त पुढची रांग फार आत नेऊ नका, नाहीतर फळीच्या पुढच्या काठावर हात टेकला की ती मागून उचलली जाते.

पॅनेलच्या उंचीचंही असंच आहे. स्वयंपाकघरातल्या खालच्या बॉक्सची नेहमीची ७२० मिमी उंची १६ मिमीच्या बोर्डाला बरोबर जुळते: वर-खाली अर्धी-अर्धी जाडी सोडली की ७०४ उरतात, म्हणजे २२ गुणिले ३२. त्यामुळे टोकांना सारखं अंतर राहतं आणि तेच पॅनेल उलटं करून दुसऱ्या बाजूलाही चालतं. तोच ७२० चा आकडा १८ मिमी प्लायला लावला तर ७०२ उरतात आणि हिशेब मोडतो. तिथे उंची ७२२ हवी.

जागेवर, हातातल्या ड्रिलने ३२ मिमी सिस्टीम करण्याचा अट्टहास करू नये. सुतार दार लावून पाहून मग प्लेट मारतो, तेव्हा त्याला त्या रांगेची गरजच नसते. दार-चॅनेल सगळं भोकांवरच बसवायचं असेल तर पॅनेलं मशीनवर पाडून घ्यावीत. फक्त फळ्या हलवता याव्यात एवढंच हवं असेल तर एक चांगला साचा पुरतो, आणि त्याबद्दल सविस्तर सांगायला हवं.

साच्यासाठी १२ मिमी प्लाय किंवा एमडीएफची १०० मिमी रुंद पट्टी घ्या. मधोमध रेघ मारून ५० मिमीच्या अंतराने ५ मिमीची भोकं पाडा. पट्टीच्या एका लांब कडेला आणि खालच्या टोकाला लाकडी ओठ असे ठोका की ते पट्टीच्या दोन्ही तोंडांकडे १० मिमी बाहेर येतील. आता साचा साईडच्या कडेला आणि तळाला आपोआप अडकतो आणि उलटा केला तरी तसाच अडकतो. डाव्या-उजव्या साईड आरशातल्यासारख्या असतात, त्यामुळे हे उलटणं टळत नाही. खालच्या टोकावर ठळक ‘खाली’ लिहा.

या एका शब्दावर सगळं अवलंबून आहे. साच्यातली भोकं समान अंतरावर नसली तरी चारही रांगा त्याच साच्याने आणि त्याच टोकाकडून पाडल्या की चूक चारही ठिकाणी सारखीच पडते आणि फळी डुगडुगत नाही. तोच साचा एकदा खालून आणि एकदा वरून टेकवला की ती चूक थेट फळीखाली येते. दोन्ही साईड एकत्र क्लॅम्प करून एकाच वेळी लांबीला कापा, म्हणजे तळाची कड दोघींची एकच राहील.

साच्यातली भोकं मात्र उभ्या ड्रिल मशीनवरच पाडा. हाताने पाडताना भोक लांबीच्या दिशेने २ अंश कललं तर १२ मिमी जाडीत वरचं आणि खालचं तोंड एकमेकांपासून सुमारे ०.४ मिमी सरकतं. साचा उलटला की एका साईडची पिन तेवढी वर जाते आणि ताठ फळी तेवढ्यानेही डुगडुगू शकते.

एकच पिन अडकवून एकेक भोक पुढे सरकणारा तयार जिग (विकत मिळणारा छोटा साचा) वापरणार असाल तर त्याचं ढिलेपण मोजा. प्रत्येक पावलाला ०.२ मिमी खेळ असेल तर विसाव्या भोकापर्यंत वाईटात वाईट ३.८ मिमी होतात, आणि प्रत्येक रांगेत ते वेगळे साठतात. त्यापेक्षा त्या जिगने एकदाच साचा पाडून घ्यावा.

बरमा मधोमध टोक असलेला लाकडाचा घ्या. लोखंडाचा साधा बरमा सनमायकावर घसरतो आणि कड फोडतो. पिनेचा दांडा मोजून त्यात २ मिमी मिळवा. साधारण १० ते ११ मिमी खोली पुरते. डेप्थ स्टॉप लावताना साच्याची जाडी मिळवायला विसरू नका. भोक पूर्ण झाल्यावर बरमा फिरता ठेवूनच बाहेर काढा. भुसा आत राहिला तर पिन पूर्ण बसत नाही, तिची टोपी बाहेर राहते आणि फळी साईडला घासते. त्यासाठी फळीही आतल्या मापापेक्षा २ ते ३ मिमी आखूड ठेवतात. सनमायका आधी चिकटवा, भोकं नंतर पाडा.

बॉक्स जोडण्यापूर्वी दोन्ही साईड पुस्तकासारख्या शेजारी पसरा, तळ एका सरळ पट्टीला टेकवा आणि सगळ्यात खालच्या, मधल्या व वरच्या भोकांत चार-चार पिना घालून त्यांवर ॲल्युमिनियमची पट्टी टेकवून पाहा. एखादी पिन पट्टीला लागली नाही तर भोक कोरून मोठं करू नका. पिन ढिली होईल आणि वजनाने खाली वाकेल. भोकात ५ मिमीची गोल लाकडी काडी सरसाने बसवा, वाळल्यावर पृष्ठभागाला समतल कापा आणि त्याच साच्याने, ‘खाली’ खालीच ठेवून, पुन्हा पाडा.