काट्यावरचे वजन आणि अंगणातली लंगडी

२ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांतून अंगणवाड्या सुरू झाल्या आणि मुलाला झोळीत घालून काट्याला टांगणे गावोगाव रुळले. त्या काट्यामागचा हिशेब १९७२चा होता. अमेरिकी मुलांचे मधले वजन १०० टक्के धरायचे; ८० टक्क्यांवरचे मूल साधारण, खालचे श्रेणी एक ते चारमध्ये.

खरा गुंता २००८ सालचा. त्या वर्षी श्रेणी गेल्या आणि जागतिक आरोग्य संघटनेचा नवा तक्ता आला. तीन वर्षांचा, साडेनऊ किलोचा मुलगा घ्या. जुन्या तक्त्यात तो ६५ टक्क्यांवर, म्हणजे श्रेणी दोन. तीव्र धरायची ती तीन आणि चार. नव्या तक्त्यात त्या वयाची तळरेघ १० किलोची, म्हणून तोच मुलगा रातोरात 'तीव्र कमी वजना'चा झाला. आधीच्या काठावरची काही मुले मात्र साधारण ठरली. म्हणून २००८च्या अलीकडचे-पलीकडचे आकडे शेजारी ठेवून कुपोषण वाढले की घटले ते सांगू नये. शिवाय 'कमी वजन' वयावरून ठरते, 'सॅम' म्हणजे अतितीव्र कुपोषण उंचीच्या मानाने वजनावरून किंवा ११.५ सेंटिमीटरपेक्षा कमी दंडघेरावरून, खुजेपणा वयाच्या मानाने उंचीवरून. बातमीत तिन्ही 'कुपोषित'च होतात. उपाय वेगवेगळे असताना ही सरमिसळ मुलांना महागात पडते.

नवा तक्ता १९९७ ते २००३मध्ये सहा देशांत केलेल्या मोजणीतून आला. आपल्याकडची मुले दक्षिण दिल्लीची होती. त्याच कामात पाच देशांतल्या मुलांच्या हालचालीही टिपल्या होत्या: बसणे, रांगणे, धरून उभे राहणे, धरून चालणे, मग आधाराविना उभे राहणे आणि चालणे. एकट्याने चालण्याचा काळ ८.२ ते १७.६ महिने असा ऐसपैस निघाला. काही मुले रांगलीच नाहीत, तरी निरोगी होती. उशिरा चालणाऱ्या मुलाच्या आईला हे कुणीतरी सांगायला हवे होते.

पण ती यादी चालण्यापाशी थांबते. माता-बाल संरक्षण कार्डावरची टप्प्यांची चित्रेही तीन वर्षांपर्यंतच. अंगणवाडीत बसणारी मुले तर तीन ते सहाची! याच वयात मूल एका पायावर तोल धरते, मग लंगडी घालते, मणी ओवते, रेघेवरून कात्री चालवते. २०२१पासून मोबाइलवर भरल्या जाणाऱ्या वजन-उंचीची विचारणा दर महिन्याला वरून होते. कुठल्या मुलाचा पाय लंगडीत सारखा टेकतो, ते सेविकाताईंना पाठ असते. विचारायला कुणी येत नाही.