कवड्यांच्या दानातून निघालेली संख्या : २,१४,७४,८३,६४७ ची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणीच्या बाजारात आकडा दोन भाषांतून कानावर पडतो. मराठी माणूस ‘सत्तेचाळीस’ म्हणताना सात आधी उच्चारतो, तर कानडीतल्या ‘नलवत्तेळु’त चाळीस आधी येतात आणि सात मागून, ऐकत ऐकत लिहिणाऱ्याचा हात त्यामुळे क्षणभर अडखळतो. दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस ही संख्या या भागात मोठ्याने वाचायची झाली, तर असे अडखळणे दोन-तीनदा होते.

हिच्या अगदी शेजारची संख्या भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त, म्हणजे इ.स. ११५० च्या सुमारास, एका उदाहरणाचे उत्तर म्हणून आली आहे. पहिल्या दिवशी दोन कवड्या आणि पुढे रोज दुप्पट असे महिनाभर दान दिल्यास किती निष्क होतील, असा तो प्रश्न आहे (निष्क, द्रम्म, पण, काकिणी ही कवडीच्या वरची, त्या काळच्या पैशांची उतरत्या क्रमाने परिमाणे). ‘फुटकी कवडी’ म्हणजे काहीच नाही असे समजणाऱ्यांनी उत्तर पाहावे : २,१४,७४,८३,६४६ कवड्या, म्हणजे १,०४,८५७ निष्क, ९ द्रम्म, ९ पण, २ काकिणी आणि ६ कवड्या. तीस वेळा दुप्पट करण्याची गरज भास्कराचार्यांना पडत नाही. दिवसांची संख्या सम असेल तर निम्मी करून ‘वर्ग’ लिहायचे, विषम असेल तर एक वजा करून ‘गुण’ लिहायचे आणि शून्यावर पोहोचल्यावर उलट यायचे, येताना ‘गुण’ असेल तिथे दुप्पट आणि ‘वर्ग’ असेल तिथे वर्ग करायचा, असा नियम आहे. म्हणून २, ४, ८, ६४, १२८, १६,३८४, ३२,७६८ या पायऱ्यांनी आठव्याच पायरीला १,०७,३७,४१,८२४ हाती येतात. त्यातून एक वजा करून दुप्पट केली की उत्तर तयार. या युक्तीचे मूळ त्याहून जुने असून ते पिंगलाच्या छंदःशास्त्रात सापडते. भास्कराचार्यांचे गाव विज्जलविड. ते विजयपूर की चाळीसगावजवळचे पाटण, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत आणि सीमाभागातल्या वाचकाला असा वाद काही नवा नाही.

त्या उत्तराचे अवयव पाडले तर २ × ३ × ३ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१ असे भराभर तुकडे पडतात. त्यात एकच कवडी टाकली की संख्या अभेद्य होते. हीच दोनचा एकतिसावा घात वजा एक; ती मूळ संख्या (१ आणि स्वतःखेरीज कशानेही भाग न जाणारी) असल्याचे फ्रेंच गणिती मर्सेनने १६४४ मध्ये नुसते म्हटले होते. ते सिद्ध केले स्विस गणिती ऑयलरने, १७७२ मध्ये. या संख्येचा मूळ भाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागून बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे त्याने आधी दाखवले आणि मग ४६,३४० च्या आतले तेवढेच मोजके उमेदवार तपासले. कागद-दौतीच्या काळात त्याचे श्रम वाचले ते या चाळणीमुळे.

संगणकात संख्येसाठीच्या ३२ बिटांपैकी (० किंवा १ मावणाऱ्या घरांपैकी) एक अधिक-उणे चिन्हासाठी राखला की उरलेल्या एकतीस बिटांत मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच ठरते. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा जागेत मोजणारी जी जुनी घड्याळे तोवर बदलली गेली नसतील, त्यांची मोजणी १९ जानेवारी २०३८ रोजी, बेळगावात सकाळचे ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंद झाले असताना, या संख्येवर येऊन संपेल आणि पुढच्याच सेकंदाला ती ऋण होऊन डिसेंबर १९०१ दाखवू लागेल.