आठ कोर असूनही लॅग का होतो?

आठ कोरचा, म्हणजे स्वतंत्रपणे काम करणाऱ्या आठ भागांचा प्रोसेसर, त्यावर माइनक्राफ्ट या खेळाचा एकच सर्व्हर. खेळणारे लॅगच्या, म्हणजे खेळ अडखळण्याच्या नावाने ओरडताहेत आणि सीपीयूचा वापर दिसतोय जेमतेम 13 टक्के. दोन्ही खरंच आहे. शंभराला आठाने भागा, साडेबारा येतात. एक कोर पुरता पिळून निघालाय, बाकीचे सात जवळजवळ रिकामे.

खेळातलं जग टिक-टिक करत पुढे सरकतं. माइनक्राफ्टमध्ये सेकंदाला 20 टिक, म्हणजे एका टिकला 50 मिलिसेकंद. तेवढ्यात झोंबींची हालचाल, उगवणारं पीक, रेडस्टोनची (खेळातल्या विजेची) सर्किटं, सगळं उरकायचं, आणि तेही मुख्यतः एकाच थ्रेडवर (कामांच्या एकाच रांगेत), ओळीने. पिस्टनने ठोकळा सरकवला का, हे ठरल्याशिवाय त्यावरचा झोंबी पडला का, हे कळणार कसं? म्हणून एक जग अनेक कोरांत वाटणं अवघड.

त्यापेक्षा अनेक जगं चालवणं सोपं. पहिल्या सर्व्हरला 25565 हा पोर्ट (नेटवर्कवरचा दार-क्रमांक), दुसऱ्याला 25566, असं करत जायचं. पण आठ कोर म्हणून आठ सर्व्हर, हा हिशोब फसवा. सर्व्हर ज्या जावावर चालतो, तिची मेमरी साफ करणारे थ्रेड आणि ऑपरेटिंग सिस्टीम यांनाही वेळ लागतोच.

'व्हॅलोरंट' हा नेमबाजीचा खेळ बनवणाऱ्या रायट गेम्सने हे गणित फार कसून मांडलं. तिथे सेकंदाला 128 टिक, म्हणजे टिकला 7.8 मिलिसेकंद. एका कोरवर किमान तीन सामने बसवायचे तर प्रत्येकाच्या वाट्याला 2.6, इतर कामांचा वाटा वजा जाता 2.34. सुरुवातीला लागत होते 50 मिलिसेकंद! शेवटी 36 कोरच्या मशीनवर 108 सामने, म्हणजे 1080 खेळाडू, हे लक्ष्य गाठलं.

त्यातली गंमत अशी, की एकटा असताना झटपट उरकणारा सामना मशीन भरल्यावर रेंगाळायचा. कोर वेगळे असले तरी एल-3 कॅशे (प्रोसेसरमधली छोटी, वेगवान मेमरी) आणि रॅमकडे जाणारी वाट सामाईक. एकाचा डेटा आला की दुसऱ्याचा बाहेर. इंटेलच्या नव्या झिऑन या सर्व्हर-प्रोसेसरमध्ये प्रत्येक कोरची स्वतःची एल-2 कॅशे 256 किलोबाइटवरून 1 मेगाबाइट झाली होती. ते घेतल्यावर फरक पडला.

आणखी एक अडचण होती झोपेची. काम नसलं की वीज वाचवायला कोर डुलकी घेतो आणि जागा व्हायला थोडा वेळ खातो. सामना तर सेकंदाला 128 वेळा उठवणार. म्हणून गाढ झोपेच्या अवस्थाच बंद करून टाकल्या.